अ‍ॅम्बॅसिडरला इंजेक्शन: पंप ढकलतो, ओढत नाही

परभणीहून एका गृहस्थांनी विचारलंय. वडिलांची १९८६ ची अ‍ॅम्बॅसिडर मार्क ४, मूळचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन अजून शाबूत. कार्ब्युरेटरच्या जागी बसणारं थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचं किट त्यांनी आणलंय, किटच्या कागदावर ३ बार प्रेशर लिहिलंय. त्यांच्या मेकॅनिकचा बेत असा: इंजिनावरचा जुना मेकॅनिकल पंप तसाच ठेवायचा, त्यानं बॉनेटखाली एक लिटरभर पेट्रोलचा बंद डबा भरायचा, डब्याखाली इंजेक्शनचा इलेक्ट्रिक पंप लावायचा आणि रिटर्न, म्हणजे जादा पेट्रोलची परतीची नळी, त्याच डब्यात सोडायची. नळ्या जेसीबीचे होज प्रेस करून देणाऱ्या दुकानातून. प्रश्न एवढाच: चालेल का, आणि मे महिन्यात तुळजापूरला जाऊन येता येईल का?

चालेल. डिसेंबरात, सकाळी, परभणी गावात. मे महिन्यात तुळजापूरच्या रस्त्यावर तुम्ही झाडाखाली बॉनेट उघडून बसलेले दिसाल, आणि एक वाटसरू पंपावर ओलं फडकं टाका म्हणून सांगून जाईल. तो सल्ला चुकीचा नसतो, पण फडकं टाकायची वेळ का यावी?

माझं गॅरेज संभाजीनगरात आहे. जुन्या गाड्यांना इंजेक्शन बसवायला लागून बारा-तेरा वर्षं झाली. या काळात माझ्याकडे बिघडून आलेल्या अशा कामांत ईसीयूचा, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा दोष क्वचित निघाला, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचाही क्वचितच. लोक सगळा जीव पंपाच्या पुढच्या भागात लावतात: भारी फिटिंग, विणलेल्या नळ्या, दाब नेमका राखणारा चमकणारा रेग्युलेटर. आणि टाकी ते पंप हा तुकडा जुनाच राहतो. गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा त्या तुकड्यात.

तुमच्याकडे शेती असेल तर हे सांगायला दोन मिनिटं पुरतील. विहिरीच्या काठावर ठेवलेली मोनोब्लॉक मोटर पाणी वीस-बावीस फुटांवरून कशीबशी ओढते. पाणी खाली गेलं की एअर घेते आणि नुसती गुरगुरते. तीच मोटर खाली पाण्याजवळ उतरवली, की वर कितीही उंच फेकते. इंजेक्शनचा पंप असाच आहे. ३ बार, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ४३-४४ पौंड, तो सहज ढकलतो. ओढण्यात मात्र अगदी कच्चा. आमचे उस्ताद डिझेल पंपाचं काम करायचे. त्यांचं वाक्य होतं, "तेल को ढकेलो मियाँ, खींचो मत." पेट्रोलला ते दुप्पट लागू पडतं, कारण पेट्रोल ओढलं की उकळतं. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांनाच उडायला लागतात, आणि नळीत ओढ बसली की त्याहून कमी तापमानाला. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४२-४३ असतं. डांबरावर, सायलेन्सरशेजारून जाणाऱ्या नळीत किती असेल ते तुम्हीच धरा.

तुमच्या गाडीत टाकी मागे आणि मेकॅनिकल पंप पुढे इंजिनाच्या अंगाला, कॅमशाफ्टवर चालणारा. म्हणजे तीन-साडेतीन मीटर नळी ओढीखाली, आणि पंप स्वतः गरम इंजिनाला टेकलेला. कार्ब्युरेटरला हे खपत होतं, कारण फ्लोटच्या वाटीत बुडबुडे आले तर वरच्या भोकातून निघून जायचे. तुमच्या मेकॅनिकच्या डब्याला तशी वाट नाही. पेट्रोलबरोबर आलेली वाफ डब्याच्या वर साठणार, रिटर्नचं गरम पेट्रोल त्याच डब्यात गरगर फिरून आणखी तापणार. अर्ध्या तासात डब्यात अर्धं पेट्रोल आणि अर्धी वाफ. मग इलेक्ट्रिक पंपाचा आवाज बदलतो. एरवी तो एकसुरी गुणगुणतो, वाफ घेतली की खर्रखर्र करतो. तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

डब्याची कल्पना मात्र बरोबर आहे, फक्त जागा चुकली आणि एक नळी राहिली. मी काय केलं असतं ते सांगतो.

डबा मागे न्यायचा, टाकीच्या शेजारी. दीड लिटरचा, स्टेनलेसचा, उभा आणि अरुंद. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कुठलाही टिग वेल्डर करून देतो. टाकीच्या मूळ आउटलेटपासून डब्यापर्यंत कमी दाबाचा साधा इलेक्ट्रिक पंप, कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना मिळतो तो, तासाला शंभरेक लिटर देणारा. तोही टाकीच्या जवळ आणि जमेल तितका खाली. डब्याच्या तळातून मोठ्या व्यासाची आखूड नळी थेट इंजेक्शनच्या पंपात, पंप डब्याच्या तळापेक्षा खाली. आणि डब्याच्या अगदी माथ्यावरून एक नळी परत टाकीत. ही शेवटची नळी महत्त्वाची. डबा भरला की जादा पेट्रोल आणि सगळी हवा, सगळी वाफ तिच्यातून टाकीत जाते. डबा कायम काठोकाठ, आणि इंजेक्शनच्या पंपाला ओढायचं कामच उरत नाही, वरून आपोआप पडतं.

हिशोब बघा. तुमचं इंजिन पन्नासेक हॉर्सपॉवरचं. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर ते तासाला १५-१६ लिटर पिईल. बाजारात सहज मिळणारा कारचा लहान इंजेक्शन पंपसुद्धा ३ बारला तासाला ८०-९० लिटर देतो. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर लिटर नुसतं फिरून परत येणार. टाकीत १२ लिटर असेल तर दहा मिनिटांत सगळं पेट्रोल एकदा पंपातून जाऊन आलं. या फेरीत ते बॉनेटखालून गेलं तर गरम होऊनच परत येणार, आणि संध्याकाळपर्यंत टाकीच कोमट.

म्हणून माझा आग्रह: रेग्युलेटर पुढे लावू नका, मागेच डब्याजवळ लावा. ठिबकच्या हेडवर बायपासचा कॉक विहिरीपाशीच असतो ना? जादा पाणी शेताच्या टोकापर्यंत नेऊन परत आणत नाही कुणी. तसंच. पंप, त्यापुढे फिल्टर, मग रेग्युलेटर. जादा पेट्रोल फूटभर नळीतून डब्यात, आणि ३ बारची एकच नळी पुढे इंजिनाकडे. मल्टिपॉइंटमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असतो तिथे, रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डची (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीची) व्हॅक्यूम नळी द्यावी लागते. तुमच्या थ्रॉटल बॉडीत इंजेक्टर बटरफ्लायच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या वर असतील तर त्याची गरज नाही, तिथे हवेचा साधा दाबच असतो. इंजेक्टर खाली असतील, किंवा किटचा रेग्युलेटर बॉडीतच बसवलेला असेल आणि निघत नसेल, तर मात्र रिटर्न पुढून आणावाच लागेल. तो ८ मिमीचा ठेवा. बारीक रिटर्न म्हणजे रेग्युलेटरच्या मागे अडथळा, आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, प्रेशर ३ च्या वर चढून बसणार.

थ्रॉटल बॉडी घेतलीत हे बरं केलंत, जाता जाता सांगतो. या इंजिनाच्या हेडला इनटेकची दोनच भोकं आहेत, एकेकावर दोन सिलिंडर. चार इंजेक्टरचं मल्टिपॉइंट त्यावर सरळ बसत नाही, एका सिलिंडरचं पेट्रोल दुसरा चोरतो. तिकडे इंग्लंडात मिनी गाडीला हाच त्रास होता, त्यांनीही आधी एकच इंजेक्टर वर बसवून काम भागवलं.

पण त्याच हेडमुळे एक धोका आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, आणि तुमची थ्रॉटल बॉडी लालबुंद होणाऱ्या एक्झॉस्टच्या बरोबर डोक्यावर. कार्ब्युरेटरचा जॉइंट गळला तर थेंब पडायचा. ३ बारचा जॉइंट गळला तर फवारा उडतो, अगदी धुक्यासारखा, आणि तो कुठे पडेल ते सांगता येत नाही. एकच नळी पुढे नेण्याचं दुसरं कारण हे. त्या जागी जॉइंट जितके कमी तितकं बरं. थ्रॉटल बॉडीखाली पत्र्याचं हीट शील्डही करून घ्या.

आता होजबद्दल. यावर जरा थांबतो, कारण हा प्रश्न मराठवाड्यात प्रत्येक तालुक्यात येणार. ऊसतोडणी यंत्रं, ट्रॅक्टर, जेसीबी यांच्यामुळे होज प्रेस करणारं दुकान गावोगाव झालंय. दोनशे बारचा होज समोर पडलाय, मग ३ बारला काय अडचण? अडचण दाबाची नाहीच, आतल्या रबराची आहे. ते रबर हायड्रॉलिक तेलासाठी असतं. एकदा माझ्याकडे दुसरीकडे काम झालेली एक जीप आली. तक्रार एवढीच की सकाळी शटर उघडलं की घरभर पेट्रोलचा वास, आणि गाडी मिसिंग मारते. होज बाहेरून नवाकोरा, एक थेंब कुठे नाही. सोडवला, ब्लेडनं उभा चिरला. आतला थर भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा फुगलेला, नख लावलं की काळा लगदा बोटाला येत होता. इंजेक्टरच्या तोंडाशी ज्वारीच्या दाण्याएवढी जाळी असते. चारही जाळ्या त्याच लगद्यानं बुजलेल्या. होज बसवून सात महिने झाले होते.

आणि आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई-२०, वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. आपल्याच उसाच्या मळीचं आणि मक्याचं. त्याला जुनं रबर, कॉर्कचं पॅकिंग, जस्ताचं ओतकाम काहीच मानवत नाही. तुम्ही जुना मेकॅनिकल पंप ठेवलात तर त्याचा डायफ्रॅमही याच यादीत येतो. म्हणून होजवर काय छापलंय ते वाचूनच घ्या. एसएई जे ३० हे पेट्रोलच्या होजचं मानक. त्यातला आर ७ लिहिलेला होज कार्ब्युरेटरच्या कमी दाबाचा; तो फार तर डब्याच्या वरच्या ओव्हरफ्लोला चालेल, तिथेही मी लावत नाही. दाबाच्या बाजूला आर ९ किंवा आर १४. टाकीच्या आत पेट्रोलात बुडणारा तुकडा असेल तर आर १० लागतो, कारण बाकीचे होज आतून पेट्रोल सोसतात, बाहेरून नाही. ज्यावर काहीच छापलेलं नाही तो होज कितीही जाड असला तरी घेऊ नका.

होज फक्त जिथे हालचाल आहे तिथेच, एक फुटाच्या आत. बाकी पूर्ण लांबी ८ मिमी स्टीलची नळी, ब्रेक पाइपवाल्याकडे मिळते ती. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून सगळे तीच सुचवतात. ती घेऊ नका. तांबं थरथरीनं कडक होऊन फ्लेअरपाशी (पसरवलेल्या टोकाशी) तडकतं, आणि तांब्याला लागून राहिलेलं पेट्रोल लवकर चिकट होतं. स्टीलच्या नळीच्या टोकाला गोल कडा उठवून घ्या, नुसत्या कापलेल्या टोकावर होज चढवला तर ३ बारला कधी ना कधी निसटतो. क्लिप जुबलीची नको, तिच्या खाचा रबरात घुसून त्याला कापतात. कडा वळलेली, नट-बोल्टनं आवळणारी इंजेक्शन क्लिप येते, ती घ्या. बँजो (पोकळ बोल्टनं आवळायचा गोल जॉइंट) असेल तिथे वायसर दर वेळी नवा. दहा रुपयांच्या वायसरसाठी गाडी जाळू नये.

नळी चासीच्या आतल्या बाजूनं न्या, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, दर फूट-सव्वा फुटावर रबरी पट्टीची क्लिप मारून. प्रॉपेलर शाफ्ट आणि हँडब्रेकच्या केबलपासून लांब. गाडीच्या आतून अजिबात नको.

फिल्टरच्या बाबतीत एक चूक इतकी सर्रास दिसते की मी आता ग्राहकाला आधी तेच विचारतो. चांगला बारीक पेपर फिल्टर, दहा मायक्रॉनचा, पंपाच्या आधी लावलेला असतो, "पंपात कचरा जाऊ नये म्हणून". अहो, पंपाला ओढायला जड जातंय हीच तर सगळी कथा आहे. त्याच्या तोंडाला फडकं बांधल्यासारखं होतं ते. पंपाच्या आधी जाळीचा, ८०-१०० मायक्रॉनचा. दहा मायक्रॉनचा पंपानंतर, आणि तो लोखंडी बॉडीचा. स्कूटरचा पारदर्शक प्लास्टिक फिल्टर दाबाच्या बाजूला लावलेलाही मी पाहिलाय.

टाकीतच गंज असेल तर हे फिल्टर महिन्यात बुजतील. टाकी उतरवून आतून साफ करून घ्या. मात्र तिच्यावर वेल्डिंग करू देऊ नका. "आठ दिवस उन्हात वाळवलीय" म्हणून गॅसची ज्योत लावणारे वेल्डर आहेत. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त घातक. ओव्हरफ्लोची नळी टाकीत सोडण्यासाठी टाकीला हात लावायची गरजच नाही. पेट्रोल गेजच्या सेंडरची गोल प्लेट स्क्रू काढून बाहेर काढा, ती लेथवाल्याकडे न्या, तिच्यात ८ मिमीची नळी पितळी डाग देऊन बसवून घ्या, आणि नवीन, पेट्रोल सोसणाऱ्या पॅकिंगवर परत लावा. नळी आत तळापर्यंत जाऊ द्या. उंचावरून पेट्रोल पडलं की फेस होतो आणि वाफ वाढते. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही तपासा. झाकण उघडताना फुस्स आवाज येत असेल तर ते बुजलंय, टाकीत ओढ तयार होतेय, आणि मग मी वर लिहिलेलं सगळं फुकट.

डबा नसला तर काय होतं तेही सांगतो, कारण मी स्वतः एकदा तो वाचवला होता. एका ग्राहकाच्या गाडीला टाकीतून थेट इंजेक्शन पंप दिला. गावात झकास चालली. मग ते चाळीसगावला निघाले, आणि कन्नडच्या औट्रम घाटात डाव्या वळणावर गाडी गचके खाऊन बंद. दोन मिनिटांत परत चालू. पुढच्या वळणावर परत तेच. मी प्रेशर गेजची नळी लांब करून गेज पुढच्या काचेला बाहेरून चिकटपट्टीनं लावलं आणि शेजारी बसून तोच घाट चढलो. सरळ रस्त्याला काटा ३ वर खिळलेला. वळण आलं की थरथरायला लागायचा, मग एकदम दीडच्या खाली. टाकीत पाव भागच पेट्रोल होतं, वळणावर ते उजव्या कोपऱ्यात जायचं आणि पिकअपचं, म्हणजे टाकीतल्या ओढनळीचं तोंड उघडं पडायचं. कार्ब्युरेटरच्या वाटीत घोटभर शिल्लक असायचं म्हणून हे कधी कळलंच नव्हतं. इंजेक्शनला अर्धा सेकंदही उधार मिळत नाही. तो डबा मी नंतर माझ्या खर्चानं बसवून दिला.

विजेकडचं थोडक्यात. इंजेक्शन पंप पाच ते आठ अँपिअर खातो, वरून दुसरा लहान पंप, ईसीयू, इंजेक्टर. गाडीवर अजून डायनॅमो असेल तर तो आयडलला धड चार्जच करत नाही, आधी अल्टरनेटर. पंपाला स्वतंत्र रिले, १५ अँपिअरचा फ्यूज, अडीच स्क्वेअरची वायर, आणि अर्थिंग थेट चासीला खरवडून. दोन्ही पंपांचा रिले ईसीयूनं चालवला पाहिजे: चावी फिरवली की दोन-तीन सेकंद प्रेशर भरायचं, इंजिन बंद पडलं की पंप बंद. चावीवर डायरेक्ट पंप दिलेल्या गाडीला धडक बसली तर इंजिन थांबतं आणि पंप फुटक्या नळीतून पेट्रोल ओतत राहतो. फोर्डच्या जुन्या गाड्यांत धडकेला पंप तोडणारा इनर्शिया स्विच असायचा. भंगारात मिळाला तर चालतो का बघून जरूर लावा.

जुना मेकॅनिकल पंप काढल्यावर ब्लॉकला भोक उरतं, तिथे पॅकिंगसह प्लेट मारा, नाहीतर ऑइल फेकेल.

सगळं बसल्यावर लगेच इंजिन चालू करू नका. रिलेला जंपर देऊन फक्त पंप चालवा, दहा मिनिटं. पांढरा कोरा कागद घेऊन एकेका जॉइंटभोवती फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर दिसतो. शेजारी आग विझवायचं सिलिंडर, आणि बॅटरीची क्लिप हाताच्या अंतरावर. मग रेग्युलेटरचा रिटर्न काढून मापाच्या कॅनमध्ये सोडा आणि घड्याळ लावून तीस सेकंद पंप चालवा. पाऊण लिटर आलं तर तासाला ९०, उत्तम. अर्ध्या लिटरच्या खाली आलं तर पुढे काही शोधू नका, मागे जाळी, व्होल्टेज आणि टाकीचं झाकण बघा. पंप बंद केल्यावर प्रेशर पाच मिनिटांत शून्यावर येत असेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे न सोडणारी झडप), रेग्युलेटर नाहीतर एखादा इंजेक्टर गळतोय, आणि गरम गाडी परत चालू व्हायला त्रास देणार. ईसीयू ट्यून करणाऱ्याला ई-२० भरल्याचं आधीच सांगा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे इंजेक्टर सातआठ टक्के जास्त वेळ उघडे राहायला हवेत.

तुळजापूरचं विचारलंत म्हणून: आधी दुपारी दोन वाजता, टाकीत पाव भाग पेट्रोल ठेवून, गेज काचेला चिकटवून परभणी ते जिंतूर जाऊन या. तिथे इंजिन बंद करून अर्धा तास चहा घ्या आणि मग स्टार्टर मारा. पहिल्या झटक्यात चालू झाली आणि काटा ३ वरून हलला नाही, तर घरच्यांना गाडीत बसवायला हरकत नाही.